पाऊण कोटीची गाडी निवडताना: हायब्रिड, डिझेल आणि ग्वाल्हेरचे रस्ते

ग्वाल्हेरात मोठी गाडी घ्यायचा हंगाम ठरलेला आहे. डिसेंबरअखेर व्यापार मेळा लागतो, रोड टॅक्समध्ये ५० टक्के सवलतीचा सरकारी आदेश निघतो आणि वर्षभर नुसता विचार करणारी माणसं आठवडाभरात बुकिंग करून मोकळी होतात. महाराज माधवराव शिंद्यांनी १९०५ साली सुरू केलेल्या या मेळ्यात आता मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यूही विकल्या जातात. सवलत खरी आहे आणि मोठी आहे, तिच्याबद्दल पुढे लिहितो. पण तिला शेवटची तारीख असते, म्हणून गाडीची निवडही घाईत उरकली जाते आणि ती निवड पुढची सात-आठ वर्षं आपल्या दारात उभी राहते.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. आदळलेली, बुडालेली, उंदरांनी तारा कुरतडलेली गाडी पाहायची, काय बदलावं लागेल आणि काय दुरुस्त होईल ते लिहून द्यायचं, हे माझं काम. त्यामुळे गाडीची मला जी ओळख होते ती बंपर उतरवल्यावर. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातले, मुरारचे ओळखीचे लोक हंगामात विचारतात, “कोणती घेऊ?” मी त्यांना आधी कंपनीचं नाव सांगत नाही, महिना लिहून काढायला सांगतो. रोज किती किलोमीटर, त्यातले शहरात किती, हायवेवर किती. मागच्या सीटवर कोण बसणार. गाडी रात्री कुठे उभी राहणार. वर्षातून दिल्लीला, पुण्याला किती वेळा जाणं होतं. पान भरलं की निम्मी निवड झालेली असते, कारण या वर्गातल्या गाड्यांमधला खरा फरक बॉनेटखाली आहे. स्क्रीन, सनरूफ, सीटची मालिश यांत सगळ्या जवळपास सारख्याच आहेत.

हायब्रिड, म्हणजे इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या, म्हणून विकल्या जाणाऱ्या गाड्यांमध्ये तीन अगदी वेगळी यंत्रं असतात आणि मेळ्यातल्या गर्दीत ती एकाच दमात सांगितली जातात. मर्सिडीज जीएलसी, बीएमडब्ल्यू एक्स३, व्होल्वो एक्ससी६० यांत ४८ व्होल्टची माइल्ड हायब्रिड व्यवस्था आहे. छोटी बॅटरी आणि स्टार्टरचं काम करणारा एक जनरेटर. तो इंजिनाला सुटताना हात देतो, टर्बोला दम भरायला लागणारा क्षण भरून काढतो, सिग्नलवर बंद झालेलं इंजिन धक्का न देता सुरू करतो. जीएलसीत तो थोड्या वेळापुरती २३ अश्वशक्तीपर्यंत जादा ताकद देतो. चालवायला फार छान वाटतं. पण दाल बाजाराच्या गर्दीत ही गाडी नुसत्या बॅटरीवर पुढे सरकत नाही, तिथे पेट्रोल किंवा डिझेलच जळतं. पेट्रोलच्या बिलात मोठा फरक पडेल या आशेने माइल्ड हायब्रिड घेऊ नये.

दुसरी स्ट्राँग हायब्रिड. या वर्गात आपल्याकडे हे घर मुख्यतः लेक्ससचं आहे: एनएक्स ३५०एच आणि तिची मोठी बहीण आरएक्स ३५०एच. टोयोटाने हे तंत्र १९९७ साली प्रियसमध्ये आणलं आणि २००५ साली लेक्सस आरएक्स ४००एचमधून ते लक्झरी एसयूव्हीत आलं, म्हणजे आता ते नवखं राहिलेलं नाही. अडीच लिटरचं पेट्रोल इंजिन, पुढे मोटर, मागच्या चाकांना वेगळी मोटर. ब्रेक दाबला की मोटर उलटं काम करून वीज बॅटरीत भरते, आणि कमी वेगात गाडी त्याच विजेवर चालते. प्लग लावायचा नाही, चार्जर बसवायचा नाही. महाराज बाड्यापासून सराफ्यातून रांगत जाताना इंजिन बराच वेळ बंदच असतं. एसीचा कॉम्प्रेसरही विजेवर चालतो, त्यामुळे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना इंजिन थांबलं तरी थंडावा थांबत नाही. आपल्या गावासाठी मला ही गोष्ट मायलेजइतकीच मोलाची वाटते. साध्या स्टार्ट-स्टॉपच्या अनेक गाड्यांत इंजिन थांबलं की थोड्या वेळात गरम हवा यायला लागते, म्हणून लोक ती सोय बटण दाबून बंदच ठेवतात.

तिसरी प्लग-इन हायब्रिड. मोठी बॅटरी, घरी चार्ज केली तर रोजचं शहरातलं जाणंयेणं विजेवर. आपल्याकडे या किमतीत तिचे पर्याय फार थोडे आहेत आणि रोज रात्री चार्ज केली नाही तर ती फक्त जड पेट्रोल गाडी उरते. घरी स्वतःचं पार्किंग आणि चार्जर असेल तर सरळ इलेक्ट्रिक गाडीच पाहा, तिच्यावर जीएसटी ५ टक्के आहे.

कराचं गणित अलीकडे बदललं आहे आणि जुन्या माहितीवर अजून बरेच लोक बोलतात. २२ सप्टेंबर २०२५ च्या आधी मोठ्या एसयूव्हीवर २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस मिळून ५० टक्के लागत, मोठ्या हायब्रिडवर ४३. आता दोन्हींवर सरसकट ४० टक्के आहे. करामुळे हायब्रिड तुलनेने स्वस्त पडायची, ती सवलत संपली. आता हायब्रिडला स्वतःच्या गुणांवर पटवून द्यावं लागतं.

ते गुण पैशात मोजून पाहू. वर्षाला १०,००० किलोमीटर, सगळे शहरातले. साध्या पेट्रोल एसयूव्हीने लिटरला १० दिले आणि स्ट्राँग हायब्रिडने १५, असं धरू. पहिलीला १,००० लिटर लागले, दुसरीला ६६७. १०६ रुपये लिटरने वर्षाची बचत साधारण ३५,००० रुपये. आता ७५ लाखांच्या गाडीवर रोड टॅक्स १४ टक्के धरला तर साडेदहा लाख होतो, आणि मेळ्यात निम्मा झाला की सव्वापाच लाख वाचतात. म्हणजे एका सहीत पंधरा वर्षांच्या पेट्रोलची बचत. हा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण एवढ्या किमतीच्या गाडीत केवळ मायलेजसाठी हायब्रिड घेणारा माणूस चुकीच्या रकान्यात बेरीज करत असतो. स्ट्राँग हायब्रिड घ्यावी ती गर्दीतल्या शांततेसाठी, चालू राहणाऱ्या एसीसाठी, आणि सुटताना ना गियरचा झटका ना इंजिनाची थरथर, त्यासाठी. शिंदे की छावणीत घर, जयेंद्रगंजात दवाखाना, संध्याकाळी फूलबागेकडे एक फेरी, असा दिवस असलेल्या डॉक्टर जोडप्याला मी दुसरं काही सुचवणार नाही.

पण जो माणूस सोमवारी शिवपुरी, बुधवारी गुना आणि शुक्रवारी भोपाळ करतो, त्याने डिझेल घ्यावं. एकसारख्या १०० च्या वेगात ब्रेक लागत नाहीत, मग परत मिळवायला वीजच नसते आणि हायब्रिडचा मोठा फायदा पातळ होतो. ओव्हरटेकसाठी पूर्ण दाबलं की ई-सीव्हीटी या पायऱ्या नसलेल्या गिअरव्यवस्थेमुळे इंजिनाचा आवाज चढून तसाच राहतो, तो काहींना अजिबात आवडत नाही. जीएलसी २२०डी आणि एक्स३ २०डी, दोन्ही दोन लिटरच्या, दोन्ही चारही चाकांना ताकद देणाऱ्या, लांबच्या रस्त्याला फार समर्थ आहेत. ऑडीने २०२० पासून भारतात डिझेल देणं बंद केलं, व्होल्वोनेही पुढे बंद केलं, म्हणजे क्यू५ आणि एक्ससी६० पेट्रोलमध्येच मिळतील.

डिझेलची एक अट मात्र पाळावी लागते. धुरातली काजळी डीपीएफ नावाच्या गाळणीत साठते आणि ती जळून साफ व्हायला गाडी अधूनमधून हायवेवर सलग पळावी लागते. रोज घर ते दुकान चार किलोमीटर धावणाऱ्या डिझेल गाडीची ही गाळणी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो, आणि ही नेहमीची झीज धरली जाते, विमा याचे पैसे देत नाही. शिवाय दिल्ली. २०१५ च्या हरित न्यायाधिकरणाच्या आदेशापासून दहा वर्षांवरच्या डिझेलचा तिथे प्रश्न आहे, सर्वोच्च न्यायालयात नियम बदलत आले आहेत, पण दिशा कळते. म्हणूनच दिल्लीच्या दहा वर्षं होत आलेल्या लक्झरी डिझेल गाड्या आपल्याकडे नव्या इनोव्हाच्या भावात येऊन उभ्या राहतात. मोह होतो. त्या गाडीचा एक एअर सस्पेन्शनचा नग किंवा एक हेडलॅम्प बदलायची वेळ आली की मालकाचा चेहरा उतरलेला मी पाहतो. गाडी जुनी झाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत.

मध्ये कुठेतरी असाल, आठवडाभर शहर आणि महिन्यातून एक-दोनदा आग्रा किंवा झाशी, तर पेट्रोल माइल्ड हायब्रिड उत्तम. त्यात माझा कौल एक्ससी६० कडे झुकतो, विशेषतः घरात वयस्क माणसं असतील तर. तिच्या सीट लांबच्या प्रवासात पाठ धरू देत नाहीत. स्वतः चालवण्याची हौस असेल तर एक्स३. मागे बसून जायचं असेल आणि रस्ता गुळगुळीत असेल तर जीएलसी.

आता चाकांबद्दल, कारण माझ्या टेबलावर सर्वांत जास्त दावे इथून येतात. एकाच गाडीच्या खालच्या आणि वरच्या प्रकारात चाकाचा आकार वेगळा असतो. २३५/६० आर१८ टायरची बाजूची भिंत साधारण १४१ मिलिमीटर भरते, २३५/५० आर२० ची ११८. फोटोत मोठं चाक देखणं दिसतं. पण २०२५ च्या पावसाळ्यात चेतकपुरीचा रस्ता ठिकठिकाणी खचला, हे सगळ्या देशाने पाहिलं, आणि अशा रस्त्यावर खड्ड्याची कड थेट अलॉयला लागते. टायरच्या कुशीला फुगा येतो, रिमला तडा जातो. टायरचा फुगा दुरुस्त होत नाही, तडकलेला अलॉय वेल्डिंग करून चालवू नये. जिथे निवड असेल तिथे लहान चाक घ्या, हा माझा सगळ्यात ठाम सल्ला आहे. वरच्या प्रकारातलं बाकी सगळं हवं असेल तर डीलरशी बोला, बुकिंगआधी कधी कधी चाकं बदलून मिळतात.

त्याच वेळी डिकीचा तळ उचलून बघा. स्टेपनी आहे का, छोटी आहे का, की नुसता हवा भरायचा पंप आणि चिकट द्रव? काही गाड्यांत रनफ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावर ते साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटरपर्यंत नेतात. दिल्लीच्या रस्त्यावर हे पुरेसं आहे. गुन्याच्या पुढे रात्री कुशी फाटली तर पंप आणि द्रव काही कामाचे नाहीत, आणि त्या मापाचा टायर तिथल्या दुकानात मिळणार नाही.

टेस्ट ड्राइव्ह सिटी सेंटरच्या रुंद रस्त्यावर घेऊन काही कळत नाही. तीन ठिकाणी चालवून बघायचा हट्ट धरा. एक, तुमची स्वतःची गल्ली आणि फाटक. एक्स३ ची रुंदी १९२० मिलिमीटर आहे, एनएक्सची १८६५, आणि आरसे धरले तर दोन्ही आणखी रुंद. लष्करातल्या जुन्या वाड्यांच्या बोळात हे साडेपाच सेंटिमीटर खरोखर मोजावे लागतात. दोन, उरवाई दरवाज्याने किल्ल्यावर. चढ तीव्र, रस्ता अरुंद, समोरून गाडी आली की थांबून पुन्हा चढावर सुटावं लागतं. गाडी मागे घसरते का, कॅमेरे कडेचा दगड दाखवतात का, हायब्रिडची मोटर की इंजिन काम करतंय, सगळं तिथे कळतं. तीन, थोडा खराब रस्ता, मागच्या सीटवर बसून. आणि आईला, आत्यांना बरोबर न्या. साडी नेसलेल्या बाईला गुडघा न दुखता चढता येतं का, उतरताना दाराखालच्या चिखलाच्या पट्टीला पदर-निऱ्या घासतात का, हे कुठल्याच माहितीपत्रकात लिहिलेलं नसतं. घरात ज्यांना सगळ्यात कमी विचारलं जातं, त्यांनाच ती सीट सगळ्यात जास्त वापरायची असते.

स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी बघायची एक खास जागा आहे. बॅटरीला गार ठेवायला केबिनमधली हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतून ओढली जाते. आपल्याकडे एप्रिलपासून धूळ उडते, ती जाळीमागच्या फिल्टरवर बसते. सेल्समनला जाळी दाखवायला सांगा, सर्व्हिसमध्ये फिल्टर साफ करण्याचं लिहून घ्या, तिच्यापुढे पिशव्या, चादरी कोंबू नका. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि कोणत्या अटीवर हे कागदावर घ्या. भारतात टोयोटा आपल्या हायब्रिड बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देते. दुसऱ्या कोणी याहून कमी दिली तर का, ते विचारा.

वर्कशॉपचा प्रश्न याहून मोठा आहे. ग्वाल्हेरात प्रत्येक कंपनीचं वर्कशॉप नाही, आणि जिथे सर्व्हिस होते तिथे बॉडीचं काम होईलच असं नाही. डीलरला नेमकं विचारा: बंपर बदलायचा झाला तर गाडी कुठे जाणार, इंदूर, भोपाळ की दिल्ली? नेण्याचा खर्च कोणाचा? रोडसाइड मदतीची किलोमीटरची मर्यादा किती? या गाड्या फ्लॅटबेडवर पूर्ण चढवूनच न्यायच्या असतात. हायब्रिड किंवा चारही चाकांना ताकद देणारी गाडी दोन चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर मोटर आणि गिअरबॉक्सचं नवीन नुकसान होतं. हायब्रिडच्या नारिंगी तारा उच्च दाबाच्या असतात, त्यांना नाक्यावरच्या मिस्त्रीने हात लावायचा नाही, तो कितीही हुशार असला तरी.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन, म्हणजे बदललेल्या भागांवर घसारा न कापणारं कव्हर, तर घ्याच. त्याशिवाय इंजिन प्रोटेक्शन घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सेल मारून सुरू केली की पाणी इंजिनात शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मूळ पॉलिसी हे नुकसान मानत नाही. टायर आणि रिमचं कव्हर आपल्या रस्त्यांसाठी पैसे वसूल करणारं आहे. हायब्रिड असेल तर बॅटरी आणि मोटर कव्हरमध्ये आहेत हे शब्दशः वाचून घ्या. गाडी हवेलीच्या पोर्चमध्ये उभी राहत असेल तर उंदरांचं नुकसान कुठल्या कलमात बसतं तेही विचारा. आपोआप ब्रेक लावण्यासाठी समोरच्या काचेवर कॅमेरा आणि बंपरमागे रडार असतो. काच बदलली की कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नजर नव्याने जुळवणं, करावं लागतं, त्याची पावती मागा. ते न करता बाहेर पडलेली गाडी नको तिथे ब्रेक मारू शकते.

शेवटी मेळ्याचा कागद. मागच्या वर्षांच्या आदेशांत सवलतीची अट अशी होती की गाडीची कायमची नोंदणी ग्वाल्हेर आरटीओतच व्हावी, आणि बाहेरच्या डीलरने इथलं ट्रेड सर्टिफिकेट (गाड्या विकण्याचा आरटीओचा परवाना) घेऊन मेळ्यात प्रत्यक्ष दुकान मांडलेलं असावं. इंदूर-भोपाळचा डीलर फोनवर भाव देत असेल तर त्याचा मेळ्यातला स्टॉल स्वतः जाऊन बघा. उज्जैनचा विक्रम व्यापार मेळाही २०२४ पासून अशीच सवलत देत आला आहे, तेव्हा माळव्यातल्या नातेवाइकांनी ग्वाल्हेरचा हेलपाटा घेण्याची गरज नाही. जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशाने स्ट्राँग हायब्रिडचा नोंदणी कर माफ केला तेव्हा झाशीच्या मावशीच्या पत्त्यावर गाडी घालायचे बेत इथे पुष्कळ झाले. तसं करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे गाडी १२ महिन्यांहून जास्त दुसऱ्या राज्यात राहिली की तिथे नव्याने नोंदवावी लागते, आणि मोठ्या दाव्याच्या वेळी पत्त्याची चौकशी पहिली होते.

सवलतीचा आदेश काही वर्षी मेळा सुरू झाल्यावर बऱ्याच दिवसांनी निघतो. म्हणून बुकिंगच्या पावतीवर डीलरकडून दोन ओळी हाताने लिहून, शिक्क्यासह घ्या: आदेश निघाला नाही किंवा गाडी मेळ्याच्या मुदतीत ग्वाल्हेर आरटीओत नोंदली गेली नाही, तर बुकिंगची पूर्ण रक्कम परत, आणि गाडी ज्या महिन्यात बनली तो महिना डिलिव्हरीच्या आधी चेसिसवरच्या पट्टीवर दाखवला जाईल. तो लिहून द्यायला तयार नसेल तर शेजारच्या स्टॉलवर जा.